शेंदराखालचा नंबर

यादोरावनं सकाळपासून तिसऱ्यांदा पिशवी उघडली. तारेचा ब्रश, रॉकेलची बाटली, मोजायची टेप, नट खोलायचे दोन पाने, एक भिंग आणि जुन्या बनियनची फडकी. सगळं जागच्या जागी होतं. तरी त्यानं एकेक वस्तू बाहेर काढली, पाहिली आणि परत आत ठेवली. वय चौसष्ट. साकोलीच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. पण त्या रविवारी त्याच्या अंगात असा काही संचार झाला होता की घोड्यावर चढणारा नवरदेवही एवढा उतावीळ नसेल.

"पाने पळून जाऊन राहिले का जी त्याच्यातून?" निर्मलाबाईनं विचारलं. "काढा आता गाडी."

असं म्हणाली खरी, पण ती स्वतः पहाटेपासून ठेवणीतली साडी नेसून बसली होती. चहा दोनदा उतू गेला होता. तिला दिघोरीला जायचं होतं. दिघोरी म्हणजे तिचं माहेर. साकोलीहून मोटरसायकलनं तासाभराचीही वाट नाही, आणि त्या घराचा उंबरठा तिनं एकोणीस वर्षांत ओलांडला नव्हता. कारण काय, तर एक इंजिन. ऐकणाऱ्याला हसू येईल. येऊ द्या. ज्याच्या घरात असं झालेलं असतं त्यालाच त्याची चव माहीत.

ते इंजिन दिघोरीच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टिनाच्या शेडमध्ये उभं होतं. निर्मलाबाईचे वडील भय्याजी यांनी पंच्याहत्तर साली ते नागपूरच्या कबाडातून उचलून आणलं. कुठल्यातरी जुन्या फौजी ट्रकाच्या पोटातून काढलेलं, एवढंच विकणाऱ्यानं सांगितलं होतं. ना नावाची पट्टी, ना कागद. भय्याजींनी त्याला पाण्याचा पंप जोडला आणि तलावाचं पाणी उंचावरच्या बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, नेलं. हँडल मारून पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर चालवायचं. थंड ठेवायला शेजारी पाण्याचा ड्रम. पंधरा वर्षं त्या इंजिनानं अख्ख्या शिवाराचे धान भिजवले. पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि ते गप्प झालं. पण दसऱ्याची त्याची पूजा काही थांबली नाही. नारळ, फूल आणि जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर. भय्याजी गेले, तरी ते कोणत्या कंपनीचं होतं हे कोणालाच कळलं नाही. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. ते त्याला नुसतं इंजिन म्हणत.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला यादोराव सासुरवाडीला गेला होता. सोनं वाटून झालं, मंडळी पाळीवर जमली आणि यादोरावनं त्या इंजिनावर थाप मारून सांगितलं, "हे स्टुडबेकर होय." झालं. निर्मलाबाईचा धाकटा भाऊ ताराचंद तिथंच उभा होता. तो म्हणाला, "फोर्ड होय." यादोरावनं डायनामोच्या पुलीवरचं कोरलेलं नाव दाखवलं. ताराचंदनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरचं दाखवलं. खरं म्हणजे भय्याजींनी पंधरा वर्षांत जिथं जे मिळेल ते आणून लावलं होतं. त्या इंजिनाच्या अंगावर निम्म्या जगाचे सुटे भाग होते. पण एवढा विचार करायला दोघांपैकी कोणाला सवड होती!

भांडण पाळीवरून घरात आलं, घरातून पंगतीत आलं. शेवटी ताराचंद म्हणाला, "भाऊजी, तुमी बशीचे टायर बदलवा. हे इंजिन माह्या बापाचं आहे." यादोराव भरल्या ताटावरून उठला. जोवर ताराचंद स्टुडबेकर म्हणत नाही तोवर या घरी पाय ठेवणार नाही, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. जोवर भाऊजी फोर्ड म्हणत नाहीत तोवर आपण साकोलीची वाट चढणार नाही, असं ताराचंदनंही सांगितलं.

आता त्यांच्याकडची रीत अशी की लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो. भाऊ यायचा, चहा-फराळ व्हायचा आणि मग लेक त्याच्याबरोबर निघायची. भावानं वाट चढणंच बंद केलं, तर बहिणीनं जायचं कसं? यादोरावनं तिला कधी अडवलं नव्हतं. उलट एकदोनदा "तू जा न, तुले कोन मना केलं" असंही म्हणाला होता. पण न बोलावता, न नेता जाऊन उभं राहायला निर्मलाबाई काही उकिरड्यावर पडलेली नव्हती. तीही त्याच बापाची लेक. दर दिवाळीला ती ओवाळणीचं ताट तयार करायची आणि संध्याकाळी निमूट आवरून ठेवायची. कोणाच्या लग्नात, कोणाच्या तेरवीत भाऊ भेटायचा, "बरी आहेस का बाई" म्हणायचा. ती "हो" म्हणायची. एवढंच.

आणि चार दिवसांपूर्वी टीनाचा फोन आला. टीना म्हणजे ताराचंदची मुलगी, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करणारी. तिचे पाय नाचत असल्याचं आवाजातूनच कळत होतं.

"आत्या, पाळीचं काम निघालं! सोमवारी जेसीबी येऊन राहिला. शेड पाडाची, इंजिन उचलून मंदिराजवळ ठेवाचं. अन् आत्या, आयक. मी मोबाईलवर जुन्या ट्रकाइच्या इंजिनाचे फोटू पाह्यले. बऱ्याचशा इंजिनाइचा नंबर समोर डाव्या अंगाले, हेडच्या खाली, एका सपाट उंचवट्यावर ठोकला राह्यते."

"मंग?"

"मंग काय! आपन शेंदूर कुठं लावतो?"

निर्मलाबाईच्या हातातून फोन पडायचाच बाकी राहिला. सपाट उंचवटा. समोर. डाव्या अंगाला. अख्ख्या इंजिनावर टिळा लावण्याजोगी तेवढीच एक नीट जागा होती. पन्नास वर्षं गावानं नेमकी तीच शेंदरानं भरली होती. यादोरावनं त्या दसऱ्याला ब्रश घेऊन सगळं इंजिन घासलं होतं, पण शेंदराला हात लावला नव्हता. देवाच्या अंगाला ब्रश कोण लावतो?

"पन विमलाबाई म्हनते," टीना पुढे म्हणाली, "ज्या हातानं पह्यला शेंदूर लावला, त्याच हातानं काढाचा. नाई तं नाई. तो हात तुहा आहे म्हनते."

विमलाबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिचा शब्द मोडायची कोणाची टाप नव्हती. आणि ती खरं तेच बोलत होती. इंजिनाला पहिला शेंदूर निर्मलाबाईनंच लावला होता, तेव्हा ती आठनऊ वर्षांची होती.

यादोरावला हे सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "नंबर निघाला तं संपलंच," तो म्हणाला. "कागदाच्या वर आहे तो. ब्लॉकचा नंबर कोनाच्या बापाचं आयकत नाई." मग त्याला आपलं व्रत आठवलं. थोडा विचार करून त्यानं स्वतःच तोड काढली. "पाळ म्हंजे काही घर नोहे. पाळीवर जाता येते."

पाळीवर जाता येते! त्या एका वाक्यावर निर्मलाबाई चार दिवस जगली. नंबर निघेल, दोघांपैकी एक खरा ठरेल, एक खाली मान घालील आणि वाट मोकळी होईल. कोण हरतो याची तिला पर्वा नव्हती. नवरा हरला तरी चालेल, भाऊ हरला तरी चालेल. कोणीतरी लवकर हरा रे बाबांनो, एवढंच तिचं मागणं होतं.

ते पाळीवर पोचले तेव्हा अर्धं गाव आधीच येऊन बसलं होतं. उन्हानं तलाव आटून निम्म्यावर आला होता. शेडचे टिन काढून टाकलेले, त्यामुळे इंजिन उघड्यावर उभं होतं, गंजून लालकाळं झालेलं. समोरच्या बाजूला तेवढा शेंदराचा मुठीएवढा गोळा. ताराचंद त्याच्या पलीकडे, पांढरा शर्ट घालून, हात मागे बांधून. त्याचे केस पार पांढरे झाले होते. निर्मलाबाईला एकदम भरून आलं, पण तिनं पदर सारखा करण्याचं निमित्त केलं.

मेहुणे एकमेकांशी बोलले नाहीत. इंजिनाच्या अल्याड एक, पल्याड एक.

"टीना," ताराचंद म्हणाला, "त्याइले म्हन सावलीत बसा. ऊन लागन."

"टीना," यादोराव म्हणाला, "त्याइले म्हन आमी डेपोत भट्टीजवळ काम केलं आहे."

"मी काय पोस्ट आहे का?" टीना म्हणाली, आणि लोक हसले.

विमलाबाईनं नारळ फोडला. निर्मलाबाईनं शेंदरावर कोमट तेल सोडलं आणि हात जोडले. "बाबा," ती म्हणाली, आणि बाबा म्हणजे इंजिन की भय्याजी हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं, "तुमची जागा बदलवाची आहे. राग नोका मानू." मग तिनं उलथनं घेतलं आणि त्याची कड शेंदराच्या बुडाशी घातली.

जवसाच्या तेलातला शेंदूर, तो दगडासारखा झाला होता. पहिल्यांदा नुसतेच टवके उडाले. यादोराव तिच्या डाव्या खांद्याशी, ताराचंद उजव्या. दोघांचे श्वास तिच्या कानात.

"हळू," यादोराव.

"आडवं धर बाई, आडवं," ताराचंद.

"तुमी दोघं मांगं सरता का?"

दोघं एक पाऊल मागे सरले आणि लगेच दोन पावलं पुढे आले. निर्मलाबाईनं तेल पुन्हा सोडलं, थांबली, उलथन्याला अंगठ्यानं नेट दिला. कट्ट असा बारीक आवाज झाला. अख्खा गोळाच्या गोळा सुटून तिच्या तळहातावर आला.

तिनं तो उलटा केला. आतल्या बाजूला, सगळ्यात जुन्या थरावर, बारीक उंच अक्षरं उमटली होती. आरशात दिसावी तशी, उलटी. ती पाहताच तिला पन्नास वर्षांपूर्वीचा तो दसरा जसाच्या तसा आठवला. बोटाखाली काहीतरी खरखरत होतं. खड्डे खड्डे. देवाच्या कपाळावर खड्डे बरे नाहीत म्हणून तिनं शेंदूर दाबून दाबून भरला होता, आणि बाबांनी शाबासकी दिली होती.

"अगं माय," ती पुटपुटली, "म्हंजे मीच बुजवला."

पण तिच्याकडे लक्ष द्यायला कोण होतं! दोन्ही मेहुण्यांनी एकदमच इंजिनावर झेप घेतली आणि त्यांची डोकी एकमेकांवर अशी आदळली की समोर बसलेल्या पोरींनीही "आई गं" केलं. कोणी कळवळलं नाही. सगळं इंजिन गंजलं होतं, पण शेंदराखालची तेवढी जागा कालच घडवल्यासारखी होती. तेलानं तिला जपलं होतं. यादोरावनं फडक्यानं पुसलं, भिंग लावलं.

"टी," तो म्हणाला. "टी... दोन... एक... चार. मंग एक डॅश. मंग लांबलचक नंबर."

"टी दोनशे चौदा!" ताराचंद ओरडला. आजूबाजूला सगळे ओरडले. काय कळलं म्हणून ओरडले ते देवाला ठाऊक, पण ओरडले.

"स्टुडबेकरचाच राह्यते असा," यादोराव म्हणाला.

"टी म्हंजे ट्रक. फोर्ड ट्रक," ताराचंद म्हणाला. एकोणीस वर्षांनंतर ते प्रथमच टीनाला मध्ये न घालता बोलले होते, आणि तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"थांबा, थांबा!" टीना मोबाईल उंच धरून धावत सुटली. पाळीवर नेटवर्क मिळायचं ते फक्त मुरमाच्या ढिगावर. ती त्या ढिगावर चढली. खाली शे-दीडशे माणसं माना वर करून उभी. विमलाबाईसुद्धा काठी टेकत उठली. फोर्ड का स्टुडबेकर? भाऊ का नवरा? निर्मलाबाईनं डोळे मिटले आणि मनात म्हटलं, काहीही, पण आज.

"हेडची लांबी मोजा!" वरून टीना ओरडली. "तेवीस इंच आहे का?"

यादोरावनं टेपचं एक टोक धरलं. दुसरं ताराचंदनं धरलं. "तेवीस!" दोघं एका सुरात म्हणाले. "बराबर तेवीस!"

"मंग पक्कं!" टीनाचा आवाज फाटला. "डॉज! फौजेचा पाऊन टनाचा ट्रक! लढाईच्या काळातला, अमेरिकेचा! टी दोनशे चौदा म्हंजे डॉजच, दुसरं कोनाचंच नाई!"



यादोराव मटकन खाली बसला. "डॉज," तो म्हणाला. "अरे, डॉज! म्हनूनच तो डायनामो कधी नीट बसला नाई!"

"अन् बाबा म्हनत नोते का, टोपीले आतून घासा लागते म्हनून!" ताराचंदही त्याच्याशेजारी मातीतच बसला. "फोर्डची टोपी डॉजवर बसवली होती माह्या बापानं! कानशीनं घासून!"

"कानशीनं? अन् टायमिंग?"

"कानानं लावत होते!"

"वा रे मानूस! अमेरिकेच्या फौजेतून आलं अन् दिघोरीत धान भिजवलं!" यादोरावनं ताराचंदच्या मांडीवर थाप मारली. ताराचंदनं त्याला टाळी दिली. दोघंही सपशेल चुकले होते आणि दोघांच्या तोंडावर असा आनंद होता की जत्रेत हरवलेली पोरं घरी आल्यासारखी दिसत होती. त्यांना आता थांबवायला कोणी उरलं नव्हतं. कार्ब्युरेटर कोणाचा असेल, पिस्टन मूळचे असतील का, हँडल मारलं तर फिरेल का. लोक टाळ्या पिटत होते. टीना ढिगावर नाचत होती.

निर्मलाबाईही हसत होती. हसता हसता तिचं हसणं कधी थांबलं ते तिला कळलं नाही. तिनं त्या दोघांकडे पाहिलं. इतकी वर्षं ती समजत होती की या दोघांच्या मनात एकमेकांबद्दल विष आहे. विष कुठलं! एवढी गोडी तर तिनं सख्ख्या भावांत पाहिली नव्हती. दोघंही या बोलण्याला भुकेले होते, आणि तिला मात्र मध्ये ठेवून दिलं होतं, ओट्यावरच्या रिकाम्या हंड्यासारखं.

"ताराचंद," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी दोघं गप्प झाले. "एकोनीस भाऊबीजा गेल्या माह्या. फोर्डात गेल्या नाई, स्टुडबेकरात गेल्या नाई. मंग कशात गेल्या, सांग."

ताराचंदनं खाली पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "मले दरसाल वाटे जावं. गाडीले किक मारून परत ठेवली आहे म्या कितीदा. मंग वाटे, भाऊजी काय म्हनतीन."

"मी काय म्हनलो असतो?" यादोराव म्हणाला. "मी तं म्हनलो असतो, बस, चहा घे."

"मंग निरोप काहून नाई धाडला?"

"तू काहून नाई आला?"

"आता येतो न. उद्याच येतो साकोलीले. रीतीनं नेतो बाईले."

"उद्या कसा येतो? उद्या जेसीबी आहे. इंजिन उचलताना मी इथं पाह्यजे. साखळी कुठं बांधाची ते त्याइले समजन का?"

"मंग मंगळवारी."

"मंगळवारी मी बँकेत पेन्शनचं..." यादोराव थांबून आठवू लागला. "गुरुवार धर."

"गुरुवारी आमच्याकडे पावने आहेत. शनिवार बसते का?"

निर्मलाबाई ऐकत होती. वार ठरत होते. मोठ्या प्रेमानं, एकमेकांना मान देत, वारावर वार पुढे जात होते. शनिवारचं काही निघालं की पुढला सोमवार येणार होता. आणि ती कुठं बसणार होती? साकोलीत, ठेवणीतली साडी नेसून.

तिथून तिचं घर दिसत होतं. पाळ उतरायची, चिंचेला वळसा घालायचा, की आलंच. अंगणात रुखमिणी, तिची भावजय, धुणं वाळत घालत होती. एकोणीस वर्षं जे अंतर म्हणून ती कुढली ते शंभर पावलांचंही नव्हतं. तिनं हातातला शेंदराचा गोळा विमलाबाईच्या ओच्यात दिला, पदर खोचला आणि चालू लागली.

"बाई, कुठं चालली?" ताराचंदनं विचारलं.

"घरी."

"अवं पन थांब न! म्या न्यायले यावं लागते. रीत आहे ते."

"येऊ दे रीतीले मांगून," निर्मलाबाई म्हणाली.

पाळीचा उतार लागला. मागून दोन माणसांच्या चपला फटफट वाजत येऊ लागल्या, आणि पुढे कोणी व्हायचं यावरून त्यांचं काहीतरी चाललं होतं. तिनं वळून पाहिलं नाही. रुखमिणीच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं, ती "बाई!" म्हणून ओरडली, आणि अठ्ठावन्न वर्षांची निर्मलाबाई उतारावरून चक्क पळत सुटली.